नागीण, डिस्को आणि दहा राग

वाशीमहून हिंगोलीला निघाले की विदर्भ सोडून मराठवाड्यात शिरता शिरता कनेरगाव नाका लागतो. लग्नसराईत या रस्त्यावर वाहतूक तुंबली की समजावे, पुढे वरात आहे आणि बँडवाल्याने नागीण धरली आहे. एकजण रुमालाचे टोक दातांत धरून पुंगी फुंकल्याचा आव आणतो, दुसरा नव्या पँटीची पर्वा न करता डांबरावर सरपटतो, कुणीतरी मामा नोटा ओवाळतो आणि मागचे ट्रकवाले हॉर्न दाबून थकतात. ही धून वाजत नाही असा तालुका महाराष्ट्रात सापडणे कठीण. गारुड्याची पुंगी समजून आपण तिच्यावर नाचतो. पण ज्या ध्वनिमुद्रणातून ती गावोगाव पोहोचली, त्यात पुंगी नव्हतीच. ते फ्रान्समध्ये शोधलेले, विजेवर चालणारे, व्हॉल्व्हचे एक वाद्य होते. इलेक्ट्रॉनिक संगीत ही शहरातल्या क्लबांची मिरास, असा आपला समज. प्रत्यक्षात ते १९५४ सालीच आपल्या कानांत येऊन बसले होते.

तेव्हा यंत्राने पुंगीचे सोंग घेतले होते. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १९८२ मध्ये, मुंबईतल्याच एका वादकाने यंत्राला कसलेही सोंग न देता उघड्या चेहऱ्याने राग वाजवायला बसवले. त्या वादकाचे नाव चरणजित सिंग. त्याची ती तबकडी तेव्हा कुणी विचारली नाही आणि पुढे जगभर गाजली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांत काय घडत होते, ते पाहिल्याशिवाय ही तबकडी कुठून आली याचा उलगडा होत नाही.

सोंगाचा जमाना

'नागिन' (१९५४) हा फिल्मिस्तानचा चित्रपट, ती धून यातलीच. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, नायिका वैजयंतीमाला, संगीत हेमंतकुमारांचे. पुंगीचा तो तुकडा वाजवला कल्याणजी शहा यांनी. गिरगावात वाढलेला हा कच्छी तरुण तेव्हा अजून संगीतकार झालेला नव्हता. भाऊ आनंदजीबरोबरची जोडी नंतरची. त्यांच्या साथीला पेटीवर होते हेमंतकुमारांचे साहाय्यक रवी, जे पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले. कल्याणजींच्या हाताखाली होते क्लॅव्हिओलिन. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये ते बनवले. पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवता येईल एवढा छोटा पट्टीफलक, आणि वेगळ्या पेटीत त्याचा अ‍ॅम्प्लिफायर व कर्णा. एका वेळी एकच सूर. आत व्हॉल्व्हचे आंदोलक मंडल, वर सुराचा पोत बदलणाऱ्या खट्ट्या, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. सूर थरथरवायची सोय होती आणि पट्टी दाबून ठेवली तर सूर संपत नसे. पुंगीवाल्याला गालात हवा साठवून श्वास लपवावा लागतो. इथे लपवायला श्वासच नव्हता. त्या अनुनासिक, न तुटणाऱ्या सुराने देशभरातल्या कानांना बेमालूम फसवले. हेमंतकुमारांना या संगीतासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

हेच वाद्य १९६२ मध्ये इंग्लंडात 'टेलस्टार' या धूनमुळे गाजले. तिथे त्याचा आवाज उपग्रहाचा, अंतराळाचा वाटला. आपल्याकडे तोच आवाज सापाचा झाला. आपल्या संगीतात विजेचे वाद्य शिरले ते लोकवाद्याचा वेश करून. ते यंत्र आहे हे श्रोत्याला कळू नये, यातच वादकाची शाबासकी होती.

मराठी कानाला परक्या पट्टीवाद्याची तशी नवलाई नव्हती. बालगंधर्वांच्या नाटकांना ऑर्गनची साथ होती आणि गोविंदराव टेंब्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले आणि जवळजवळ तीन दशके आत घेतले नाही. आरोप असा की ठोकलेल्या स्वरांच्या या वाद्यात मींड नाही, श्रुती नाही. पेटीवरचा हा खटला लक्षात ठेवा. चरणजित सिंगांच्या तबकडीपाशी तो पुन्हा उभा राहतो.

शिफ्टवरची माणसे

पन्नास ते ऐंशीच्या दशकांत मुंबईचे चित्रपटसंगीत म्हणजे एक कारखाना होता. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब, परळचे राजकमल, महालक्ष्मीचे फेमस. वादक शिफ्टवर येत, दर्जाप्रमाणे मोबदला घेत आणि संध्याकाळी दुसऱ्या संगीतकाराकडे जात. त्यांची संघटना होती, सिने म्युझिशियन्स असोसिएशन. कारखाना चालवणारे लोक मात्र एका जातीचे किंवा एका मुलखाचे नव्हते. स्वरलेखन आणि वाद्यवृंदाची रचना गोव्याच्या मंडळींकडे: शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. तालवाद्यांत पारशी लॉर्ड घराणे. मराठी नावेही कमी नाहीत. व्हायोलिन गाते ठेवणारे प्रभाकर जोग, संयोजक अनिल मोहिले, अ‍ॅकॉर्डियनवाले अरुण पौडवाल, राहुलदेव बर्मन यांच्या तालविभागाचे मारुतराव कीर, रेसो-रेसो खरवडणारे अमृतराव काटकर. राजकमलमध्ये ध्वनिमिश्रणाच्या टेबलापाशी मंगेश देसाई बसत, आणि त्यांच्या कानावर भल्याभल्या दिग्दर्शकांची भिस्त असे.

या माणसांनी प्रयोग हा शब्द कधी मिरवला नाही, पण त्यांचा रोजचा धंदा प्रयोगाचाच होता. संगीतकाराला दर गाण्यात काहीतरी 'वेगळे' हवे असे, आणि ते दुपारच्या जेवणाआधी हवे असे. मग राहुलदेव बर्मनांच्या 'यादों की बारात'मध्ये (१९७३) काचेच्या पेल्यावर चमचा वाजे, 'शोले'मध्ये (१९७५) अर्धवट भरलेल्या बाटल्यांच्या तोंडांवर फुंकर मारली जाई. नवा आवाज आणणाऱ्या वादकाला काम जास्त मिळे. म्हणून परदेशी वाद्य दिसले की ते मिळवणे ही हौस नव्हती, पोटापाण्याची सोय होती.

रागाला परक्या साधनात बसवायचा खटाटोपही याच वर्तुळात आधी झाला होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ज्यांचे नाव आले ते हेच. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात रागांवर बांधलेल्या सिंफनी रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे पैशाअभावी हा उद्योग थांबला. दिवसभर चित्रपटांची गाणी वाजवून पोट भरणाऱ्या माणसाच्या डोक्यात रागाचे एक स्वतंत्र काम असू शकते, याचा हा आधीचा दाखला.

केर्सी लॉर्ड यांची गोष्टही अशीच. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले बुजुर्ग. त्यांनी बोंगो, काँगा यांसारखी लॅटिन अमेरिकेची वाद्ये आपल्या चित्रपटांत रुजवली. भाऊ बुर्जोर ड्रम आणि व्हायब्राफोनवर. १९३५ साली जन्मलेले केर्सी पोरवयातच या धंद्यात उतरले. 'हम दोनो'मध्ये (१९६१) देव आनंदच्या लायटरमधून जी धून येते ती त्यांच्या ग्लॉकेनश्पीलची, 'आराधना'च्या (१९६९) गाजलेल्या गाण्यात अ‍ॅकॉर्डियन त्यांचा. सत्तरच्या दशकात त्यांनी मूग सिंथेसायझर आणून हिंदी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वापरला. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी साठच्या दशकात घडवलेल्या या यंत्रात सूर कसा घडवायचा हे वादकाच्या हातात होते: लहर निवडा, गाळणीने तिचे कंगोरे काढा, मग ती किती वेगाने उठावी आणि कशी विरावी ते ठरवा. स्टुडिओतल्या सोबत्यांना ती जादू आवडली आणि तिची धास्तीही वाटली. एका माणसाच्या दोन हातांतून दहा व्हायोलिनांचा आवाज निघाला, तर बाकीच्या नऊ जणांनी जायचे कुठे? ही धास्ती खोटी नव्हती.

अनुदानाचा मूग आणि बाजारातला मूग

मुंबईच्या स्टुडिओंत हे चालू असताना देशात इलेक्ट्रॉनिक संगीताचे एक रीतसर दालनही उघडले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगचा मोठा संच बसवण्यात आला. तो उभा करायला अमेरिकेहून संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले. यामागे गीता साराभाईंचा आग्रह होता. पखवाज शिकलेल्या गीताताईंची न्यूयॉर्कमध्ये १९४६ साली अमेरिकन संगीतकार जॉन केजशी गाठ पडली होती; त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवले आणि त्याच्याकडून पाश्चात्य संगीत समजून घेतले. अहमदाबादच्या त्या खोलीत गीता साराभाईंसह आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. चार-पाच वर्षांत दालन बंद पडले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि त्यांतल्या निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

मुंबईत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्येही अशी एक खिडकी किलकिली झाली होती. प्रमोद पतींच्या 'एक्स्प्लोरर'सारख्या (१९६८) लघुपटांत विजय राघव रावांनी ध्वनीशी मोकळा खेळ केला. बासरीवादक म्हणून नाव मिळवलेल्या या संगीतकाराला सरकारी नोकरीत राहून हे करता आले, हे विशेष.

पण अहमदाबाद काय, पेडर रोड काय, तिथे प्रयोगाला कोणाचे तरी छत्र होते. छत्र हलले की प्रयोग संपला. चरणजित सिंगांच्या डोक्यावर छत्र नव्हते. यंत्रे त्यांनी आपल्या कमाईतून घेतली.

ट्रान्झिकॉर्डवाला

१९४० साली जन्मलेले चरणजित सिंग साठच्या दशकापासून मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत होते. बास गिटार, हवाईयन गिटार, ऑर्गन, आणि ट्रान्झिकॉर्ड. ट्रान्झिकॉर्ड हा इटलीच्या फार्फिसाचा विजेवर चालणारा अ‍ॅकॉर्डियन. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांच्या वाद्यमेळात त्यांची वर्णी लागे. 'हरे रामा हरे कृष्णा'तले (१९७१) 'दम मारो दम' आठवा. भूपिंदर सिंगांची गिटार सगळ्यांच्या लक्षात असते; तिच्या भोवती जो धुरकट, एकाच जागी तरंगणारा सूर आहे तो चरणजितांच्या ट्रान्झिकॉर्डचा. आधारस्वर धरून त्यावर वातावरण उभे करायचे, ही त्यांची हातोटी तिथेच दिसते.

चित्रपटांच्या शिफ्टा संपल्या की ते स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लग्नसमारंभांत, पार्ट्यांत वाजवत. शिवाय गाजलेल्या गाण्यांच्या धुनांच्या तबकड्या काढत. 'वन मॅन शो' हे त्यांतल्या एकीचे नाव. गायक नसलेल्या या तबकड्या तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलांत, सिनेमागृहाच्या मध्यंतरात वाजत. सारांश, 'प्रयोगशील संगीतकार' म्हटल्यावर जो एकांडा, केस पिंजारलेला माणूस डोळ्यांपुढे येतो तसे यात काही नव्हते. हा वेळेवर येणारा, सुरात वाजवणारा, घरी जाऊन पुन्हा रियाज करणारा व्यावसायिक वादक होता. रागदारीचे शिक्षण मात्र पक्के होते.

ऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी सिंगापूरहून जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेतली. तीन यंत्रांची ही मेळणी नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गंमत तिथे आहे.

पहिले, ज्युपिटर-८. १९८१ मध्ये आलेला, एका वेळी आठ सूर देणारा भारीतला सिंथेसायझर. पट्टीवर हात ठेवून धून वाजवायची ती यावर.

दुसरे, टीआर-८०८. हे तालयंत्र. १९८० ते १९८३ अशी तीन-चार वर्षेच ते कारखान्यातून निघाले. त्यात खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रण नव्हते. सगळे आघात विजेच्या मंडलांतून घडवलेले. म्हणून त्याचा ठेका कुठल्याच ओळखीच्या वाद्यासारखा वाटत नसे. सोळा बटणांची रांग, ज्या मात्रेवर आघात हवा ते बटण दाबायचे, आणि आवर्तन फिरत राहते.

तिसरे, टीबी-३०३. रुपेरी रंगाची, पुस्तकाएवढी चपटी पेटी. तादाओ किकुमोतो यांची ही निर्मिती. एकट्या गिटारवाल्याला रियाजासाठी बास गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतू. तो सपशेल फसला. ती कोणालाही बास गिटार वाटली नाही. शिवाय तिच्यात ओळ भरणे म्हणजे डोकेदुखी: आधी सगळे स्वर क्रमाने भरायचे, मग त्यांची लय वेगळी भरायची. सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. पण तिच्यात एक गुण होता. दोन स्वरांमध्ये 'स्लाइड'ची खूण केली की आवाज पहिल्यावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता घसरत जाई. पेटीवर जी मींड येत नाही म्हणून गहजब झाला, तिची एक यांत्रिक सावली या पेटीत होती.

आणि एक सोय मोलाची. ८०८ आणि ३०३ एका तारेने जोडता येत. एकाचे बटण दाबले की दुसरे त्याच लयीत चालू लागे, आणि ज्युपिटरवर धरलेले स्वर एकामागून एक फिरवणारी सोयही याच ठोक्याला बांधता येई. वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी मिडी पद्धत अजून बाजारात यायची होती, ती १९८३ची. चरणजितांनी घरी ही जोडणी करून पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आले की साथीदारांशिवाय साथ मिळते.

भैरवीने सुरुवात

तो काळ डिस्कोचा. 'कुर्बानी'तले नाझिया हसनचे गाणे १९८० मध्ये आले, बिद्दू आणि नाझियाचा 'डिस्को दीवाने' १९८१ मध्ये, बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' १९८२च्या डिसेंबरात. प्रत्येक निर्मात्याला डिस्को हवे होते. नंतर मुलाखतींत चरणजितांनी सांगितलेली गोष्ट अगदी साधी आहे. सगळीकडे डिस्को चालू होता. आपण त्यातच काही निराळे का करू नये, तबला बाजूला ठेवून रागांना डिस्कोचा ठेका का देऊ नये, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ते केले. ना जाहीरनामा, ना सिद्धान्त.

'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी १९८२ मध्ये एचएमव्हीने काढली. पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यादी वाचतानाच मैफलीतला जाणकार कपाळाला हात लावेल. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. भैरवी झाली की गवय्याने तंबोरा खाली ठेवायचा आणि श्रोत्यांनी चपला शोधायच्या. इथे सुरुवातच भैरवीने. पहाटेच्या ललतमागून संध्याकाळचा भूपाळी, त्यामागून सकाळची तोडी. वेळेचे शास्त्र गुंडाळून ठेवलेले.

मात्र रागाचे दुसरे शास्त्र त्यांनी मोडलेले नाही, आणि हे ऐकल्याशिवाय कळत नाही. त्या काळच्या डिस्कोत दर दोन-चार ठेक्यांना कॉर्ड बदलतात, त्यामुळे षड्‌ज हलल्यासारखा वाटतो. चरणजितांनी कॉर्डांना हातच लावला नाही. षड्‌ज जागचा हलत नाही. ३०३ची खालची ओळ रागाच्याच स्वरांत गोल गोल फिरते. तंबोऱ्याचे काम तिने उचलले आहे, फक्त ती पळती आहे. ८०८चा ठेका प्रत्येक मात्रेवर सारखा, सम दाखवण्याची त्याला गरज वाटत नाही. वर ज्युपिटरवर राग उलगडतो. मालकंसात रिषभ-पंचम चुकूनही येत नाहीत, कलावतीत मध्यमाचा मागमूस नाही. विस्तृत आलापाला जागा नाही, पाचेक मिनिटांत राग आटोपतो. पण चलन ओळखू येते. दहाही रागांचा वेग आणि पोत जवळजवळ सारखाच. एका बैठकीत सगळे ऐकले तर कंटाळाही येतो, हेही सांगायला हवे.

उणे कुठे पडते? तोडीत. तोडीचा गंधार कोमल गंधाराहूनही उतरलेला, आणि त्या उतरण्यातच तोडीचे कारुण्य. समान अंतरावर ठोकलेल्या बारा स्वरांच्या पट्टीफलकावर तो सापडत नाही. पेटीवरचा जुना आरोप इथे शब्दशः लागू आहे. चरणजित स्वर वाकवून, घसरवून त्याच्या आसपास जातात. मेघमल्हार आणि मालकंसात मात्र यंत्राची निर्विकार गती आणि मोजक्या स्वरांचा राग यांचे असे जमते की दाद द्यावी लागते. ज्या रागांचे सौंदर्य स्वरांमधल्या सूक्ष्म जागांत आहे ते इथे दुबळे होतात. ज्यांचे सौंदर्य स्वरांमधल्या मोठ्या, मोकळ्या अंतरांत आहे ते उभे राहतात.

कोणाचीच नसलेली तबकडी

तबकडी चालली नाही. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. शास्त्रीय श्रोत्याने नावातला 'डिस्को' पाहिला आणि हात मागे घेतला. नाचणाऱ्याने 'राग' पाहिला आणि तोही पुढे गेला. ओळखीच्या गाण्यांच्या धुनांसाठी चरणजितांच्या तबकड्या घेणाऱ्याला यात एकही ओळखीचे गाणे सापडले नाही. शिवाय तबकडीचेच दिवस भरत आले होते. पाठोपाठ आलेल्या स्वस्त कॅसेटींनी एचएमव्हीची जुनी पेठ उधळली. चरणजित पुन्हा शिफ्टवर आणि समारंभांत गेले.

तिकडे अमेरिकेत ३०३ मोडीच्या भावाने विकली जात होती. शिकागोच्या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी, डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, तशी एक मिळवली. ओळ फिरत ठेवून तिचे स्वर गाळणाऱ्या गुंड्या ते पिळत बसले. फ्युचर या नावाने त्यांनी काढलेली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आली आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला. वर्षभरात इंग्लंडातल्या तरुणाईला त्याने झपाटले.

२००२ मध्ये एडो बाउमन हे डच संग्राहक जुन्या हिंदी तबकड्या धुंडाळत दिल्लीत फिरत होते. तिथे त्यांना ही तबकडी मिळाली. सुई टेकवली तेव्हा शिकागोचा आवाज आला, पण पाच वर्षे आधीचा आणि रागात. त्यांनी मुंबईत चरणजितांचा पत्ता काढला आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोपातल्या जाणत्यांचा आधी विश्वासच बसेना. एखाद्या इंग्रज कलाकाराने खोटी जुनी तबकडी बनवून थट्टा केली आहे, अशीही कुजबुज झाली. मग मुलाखती आल्या आणि शंका मिटली. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ युरोपच्या महोत्सवांत आपल्या निम्म्याहून कमी वयाच्या गर्दीपुढे यमन आणि मालकंस वाजवू लागला. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केर्सी लॉर्डही गेले.

शोध कोणाचा?

'अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मले' हा मथळा तेव्हा जगभर फिरला आणि आपल्याकडेही तो अभिमानाने मिरवला गेला. तो बरोबर नाही. शिकागोच्या मुलांच्या कानांवर ही तबकडी गेल्याचा काही पुरावा नाही, आणि त्यांनी गुंड्या पिळून जो प्रकार काढला तो इथे नाही. साम्य आहे त्याचे कारण ऐकणाऱ्याला दिसण्यासारखे आहे. यंत्र तेच, आधारस्वर एकच, ओळ फिरती आणि कॉर्ड बदलायचे नाहीत. शिकागोत हे नाचाच्या गरजेतून आले, मुंबईत रागाच्या नियमातून. दोन वेगळ्या वाटा एकाच चौकात पोहोचल्या. यात चरणजितांना द्रष्टा ठरवण्याची गरज नाही आणि शिकागोकरांचे श्रेय हिरावण्याचीही नाही.

त्यांचे खरे मोठेपण वेगळ्या जागी आहे. क्लॅव्हिओलिनला पुंगी करणाऱ्या पिढीने यंत्र लपवले. चरणजितांनी यंत्राला यंत्रासारखे वाजू दिले आणि तरी राग सांभाळला. बाहेरून हा एकट्याचा चमत्कार दिसतो. आतून पाहिले तर त्यात गोन्साल्विसांची जिद्द आहे, लॉर्डांचे कुतूहल आहे, राहुलदेवांच्या वाद्यमेळाची 'आज काहीतरी नवे' ही सवय आहे. रोज निराळ्या संगीतकाराकडे निराळे वाद्य वाजवणाऱ्या माणसालाच हे सुचू शकत होते. पोटासाठी शिकलेले कसब त्याने एकदा स्वतःसाठी वापरले.

या गोष्टीला कडू बाजूही आहे. साथीदारांशिवाय साथ देणाऱ्या त्याच जातीच्या यंत्रांनी पुढे स्टुडिओ रिकामे केले. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक स्थिरावले आणि व्हायोलिनवाल्यांच्या रांगा उठल्या. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्डांच्या सोबत्यांना वाटलेली धास्ती खरी ठरली. २०१६ मध्ये 'सैराट'साठी अजय-अतुल यांना भरगच्च वाद्यवृंद हवा झाला, तेव्हा त्याचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला जाऊन करावे लागले. एके काळी ताडदेवला शंभर वादक बोलावणे ही नित्याची बाब होती.

आणि या वादकांची नावे? तबकडीच्या पाकिटावर गायक, गीतकार, संगीतकार. वादकाला जागा नाही. चरणजितांचे नाव टिकले ते एका तबकडीवर ते मुख्य कलाकार म्हणून छापले गेले म्हणून, आणि ती एका परदेशी माणसाच्या हाती लागली म्हणून. असे किती जण छापील नावाअभावी विसरले गेले याचा हिशेब आपल्याकडे नाही. पण जे हयात आहेत त्यांचा हिशेब अजून करता येईल. मुंबई-पुण्यातच कशाला, नांदेड, परभणी, अकोल्याच्या ऑर्केस्ट्रांत ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड पहिल्यांदा आणणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. कोणते वाद्य, कोठून आणले, किती रुपयांना, कोणत्या साली, काय वाजवले, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. घरातली जुनी तबकडी किंवा कॅसेट रद्दीत घालण्याआधी तिच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे एखाद्या वादकाचे नाव असेल तर ते दुसरीकडे कुठेही नसण्याचा संभव फार मोठा आहे.